मिसेस प्रॅट आणि मोलकरीण

एनॉक रिमर हा लिव्हरपुलातला सगळ्यात चोख कंपोझिटर होता आणि सगळ्यात कंटाळवाणा माणूसही. मी एकवीस वर्षं छापखान्यात त्याच्या शेजारी उभं राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, तेव्हा मला हे म्हणायचा अधिकार आहे. हवा, चॅपलमधलं प्रवचन आणि बायकोने केलेलं वाटाण्याचं सूप, यापलीकडे त्याला विषय नव्हता. हेट्टी मोठी झाल्यावर चौथा विषय मिळाला. ही त्याची एकुलती एक मुलगी.

आमच्या साप्ताहिकाचं नाव 'दोन किनारे'. अर्ध्या प्रती इथे खपत, अर्ध्या आगबोटीने न्यूयॉर्क-बॉस्टनला जात. कापसाचे भाव, बोटींच्या वेळा, कुठल्या अमेरिकन शेटजीची पोरगी कुठल्या कफल्लक लॉर्डाला दिली, असला सगळा मालमसाला. पण लोक आधी उघडत ते तिसरं पान. त्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची यादी असे. बोट निघाली की 'निघाले' या मथळ्याखाली, पोचली की 'पोचले' या मथळ्याखाली. नावं तीच, म्हणून एकदा जुळवलेली यादी आम्ही मोडत नसू. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायची आणि पंधरा दिवसांनी फक्त मथळा बदलायचा.

बोटीच्या पोटात सातशे-आठशे गरीब कोंबलेले असत, त्यांचा आमच्या यादीशी संबंध नव्हता. वरच्या वर्गातल्या नोकरांनाही नाव नसे. मालकिणीच्या नावापुढे 'आणि मोलकरीण' लिहिलं की झालं. एकदा एका बाईंच्या कुत्र्याचं नाव आम्ही छापलं होतं. मोलकरणीचं कधीच नाही.

अठराशे सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मिसेस प्रॅट इथल्या हॉटेलात उतरल्या होत्या. त्यांची मोलकरीण लग्न करून पळाली. हॉटेलात कपडे शिवणाऱ्या हेट्टीला त्यांनी उभ्या उभ्या नोकरीवर ठेवलं आणि 'कॉर्डेलिया' बोटीने घेऊन निघाल्या. पत्ता विचारला नाही, आईबापांना भेटल्या नाहीत.

त्या आठवड्याची यादी एनॉकनेच जुळवली. तपासणीसाठी काढलेला ओला कागद घेऊन तो माझ्याकडे आला.

"क्लेग, हे बघ. 'मिसेस प्रॅट, बॉस्टन, आणि मोलकरीण.' ही आमची हेट्टी!"

"तिचं नाव कुठाय?"

"नाव कशाला हवं? आम्हाला कळतंय ना."

त्याच्या बायकोने, टॅबिथावहिनींनी, ते पान अख्ख्या चॅपलला दाखवलं. माझ्या बायकोला दोनदा दाखवलं.

दहा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून तार आली. न्यूफाउंडलंडजवळ धुक्यात 'कॉर्डेलिया' एका मालवाहू जहाजावर आदळून बुडाली होती. वाचलेल्यांची नावं तारेत होती, म्हणजे नुसती आडनावं, एकापुढे एक. संपादक डनबॅबिन साहेब जिन्यावरूनच ओरडले, "तासाभरात पान पाहिजे! यादी फळीवर तयार आहे, ओळी उचला आणि लावा!"

एनॉक फळीला धरून तसाच उभा राहिला, म्हणून मी त्याला स्टुलावर बसवलं आणि काम हातात घेतलं. तारेतलं आडनाव वाचायचं, जुन्या यादीतली ओळ अख्खी उचलायची, नव्या पानात ठेवायची. प्रॅट आलं. मी ओळ उचलली.

तपासणीचा कागद निघाला तसा एनॉकने तो हिसकावला. "आणि मोलकरीण," त्याने मोठ्याने वाचलं, आणि जमिनीवर फतकल मारून तो लहान मुलासारखा रडला. मग टोपीही न घालता तसाच घराकडे पळाला. माझाही जीव भांड्यात पडला.

पान छापून झाल्यावर तार पुन्हा माझ्या हातात आली. 'प्रॅट.' पुढे काही नाही. मोलकरीण वाचली असं कुणीही कळवलं नव्हतं, ती मी वाचवली होती. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी एनॉकने माझ्यासाठी तंबाखूची पुडी आणली, आणि मी भेकड, ती घेतली.

तीन आठवड्यांनी मिसेस प्रॅट यांचं पत्र आलं. साहेबांनी ते 'दुरुस्ती म्हणून छाप' म्हणत माझ्यापुढे टाकलं. बाईंनी लिहिलं होतं, तुमच्या यादीत माझ्या नावापुढे मोलकरीण दाखवली आहे, त्यामुळे बॉस्टनमध्ये लोक मला नावं ठेवतात, की लेकरं बुडाली आणि हिने नावेत मोलकरीण बसवली. कृपया खुलासा करावा, की मी एकटी होते. मुलगी माझी बॅग आणायला खाली गेली होती, ती परत वर आली नाही.

मी एनॉकला कागदाच्या कोठारात नेलं. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, घडी घातली.

"बॅग आणायला," तो म्हणाला. "एवढं माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. घरून परत आलो तर तार तुझ्या मेजावरच होती. मी काय आंधळा आहे?"

"अरे, मग वहिनींना का नाही सांगितलंस?"

"तिने शेजारणी बोलावल्या होत्या. चहा केला होता. मी निघालो तरी आतून गाणी ऐकू येत होती. तू सांगितलं असतंस?"

त्याने घडी घातलेलं पत्र मला परत दिलं.

"दुरुस्ती छाप," तो म्हणाला. "छापावीच लागेल. पण ती सगळं पान वाचते रे आता. एक प्रत त्या चार ओळींशिवाय काढून दे. एकच."

दुरुस्ती छापली. सगळ्या प्रती निघाल्यावर मी यंत्र थांबवलं, त्या चार ओळी काढल्या, साबणाची जाहिरात बसवली आणि एक कागद काढला. आमच्या गल्लीत दुसरं कुणी ते व्यापाऱ्यांचं साप्ताहिक वाचत नव्हतं. तिच्या भल्यासाठीच केलं, असं आम्ही दोघांनी एकमेकांना बजावलं.

वहिनी हेट्टीला पत्रं लिहीत. एनॉक ती टपालात टाकायला म्हणून घेऊन निघे आणि छापखान्यात आपल्या कप्प्यात कोंबे. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, टपाल हरवत असेल. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, लग्न केलं असेल, लाजत असेल. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, मेलीला अमेरिकेची हवा लागली. मग लिहिणंच सोडलं. एनॉक आतून पोखरत गेला. ज्याची चूक दाखवा म्हणून आम्ही पैजा लावायचो, तो आता लोकांची नावं चुकवू लागला. साहेबांनी त्याला यादीवरून काढून जाहिरातींवर घातलं. चौथ्या हिवाळ्यात छाती भरून तो गेला.

मातीहून आम्ही घरी परतलो. वहिनी रडल्या नव्हत्या. त्यांनी घरातलं मोठं बायबल काढलं आणि पहिलं पान उघडलं. घरातल्यांचे जन्म आणि मृत्यू तिथे लिहायची आमची रीत.

"बाप गेला. चार ओळी आल्या नाहीत कार्टीच्या," त्या म्हणाल्या. "नऊ महिने पोटात वागवली मी तिला, क्लेग."

"वहिनी, तिचं कदाचित काही..."

"काही काय? बुडाली असती तर म्हटलं असतं, देवाने नेली. तुम्हीच छापलंत ना, वाचली म्हणून?"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. खरं सांगितलं असतं, तर मुलगी परत मिळाली असती त्यांना, पण मेलेली. आणि आज पुरलेला नवरा चार वर्षं खोटं बोलणारा निघाला असता. आणि मी कोण निघालो असतो, याचाही विचार केला, लपवत नाही.

त्यांनी दौत माझ्यापुढे सरकवली. हेट्टीच्या नावावर बोट ठेवलं.

"तुमचा धंदाच हा. ही ओळ खोडा."

मी टाक बुडवला आणि खोडली.