दर्भाचा कावळा

आप्पांच्या दहाव्याला कावळा शिवेना. कर्जतला उल्हास नदीच्या काठी चुलतभावाने पिंड मांडला होता आणि आम्ही सगळे उन्हात ताटकळत होतो. समोरच्या झाडावर कावळे आरामात बसले होते. मला काहीच वाटत नव्हतं. वडील गेले, तरी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ताटात वाढलेलं जेवत होते, कुणी विचारलं तर बोलत होते.

आत्या, आप्पांची थोरली बहीण, पिंडाला एकेक कबूल करत होती. शेत इकनार नाय. तुज्या बायकूला मी बगीन. कावळे ढिम्म. मग ती माझ्याकडे वळली. "तुमा बापलेकीचं काय राह्यलंय गं? बोल की."

राहिलं होतं ते नदीकाठी चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. मी खालापूरच्या बाजूला एका प्रयोगशाळेत पेशीसारख्या पोकळ पिशव्या बनवते. त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. नुसत्या चरबीच्या केल्या तर लवकर फुटतात. नुसत्या पॉलिमरच्या टिकतात, पण त्यात प्रथिन नीट बसत नाही. म्हणून अंड्याच्या बलकातली चरबी आणि पॉलिमर मिसळून पडदा करायचा आणि त्यात दार म्हणून ते प्रथिन बसवायचं. दारातून रसायन आत गेलं की आतलं एन्झाइम त्याला हिरवं चमकवणार. माझ्या पिशव्या महिनोन्‌महिने अंधाऱ्याच होत्या.

पळसदरीच्या घरी ओटीवर बसून आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं होतं. "म्हंजे अंड्याचं न्‌ प्लास्टिकचं लगीन लावलंस. पर जित्ती हाय का ती?"

"नाही हो, आप्पा."

"तू नको सांगू. चमकली की मला दाव. मी बगून सांगतो."

जन्मभर भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे बाजूला काढणाऱ्या माणसाचा रुबाब होता तो. मग सगळ्या गावाला सांगत सुटले, पोरगी मला दाखवणार हाय.

"दाखवीन," मी पिंडाला म्हणाले. कावळा आला नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळून कावळा केला. असा चालतो, म्हणाले. माझं डोकं एकदम फिरलं. "खोटा नको. खरा येईपर्यंत थांबायचं."

"तू मोटी खऱ्याची!" आत्या म्हणाली. "तू काय करतीस गं त्या कारखान्यात?"

राग जसा आला तसा गेला. दर्भाचा कावळा पिंडाला शिवला आणि मंडळी चपला शोधायला लागली.

सुतक फिटल्यावर कामावर गेले. आप्पा गेल्याचा निरोप आला त्या सकाळी चरबीचं प्रमाण वाढवून केलेल्या पिशव्या फ्रिजमध्ये तशाच होत्या. थेंब काचेवर घेतला, रसायन सोडलं. थोड्या वेळाने एक पिशवी हिरवी झाली, मग तिच्या शेजारची, मग बऱ्याच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मला आनंदही झाला नाही.

त्या जिवंत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं.

"बघा, आप्पा," म्हणत मी दुसऱ्याला बघू द्यायच्या सवयीने सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावरून उठून बाजूला झाले. स्टूल रिकामंच राहिलं, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.