हिरव्या बांगड्या आणि रिस्ट गार्ड

चाळिशीत स्केटबोर्ड शिकायला निघालेल्या बाईचं मनगट मोडलं, की इंग्लंडमधल्या अख्ख्या रीडिंग शहराला तिला शहाणपण शिकवायचा हुरूप येतो. डोक्यावर हेल्मेट होतं, गुडघ्यांना पॅड होते. मोडलं ते नेमकं उघडं राहिलेलं मनगट. मदतीला पुण्याहून आई आली, ती बडबडतच. प्लास्टर निघालं त्या दिवशी मात्र तिने खुशीत माझे दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरले. बाबा गेल्यापासून तिचे स्वतःचे हात मोकळेच असतात.

शनिवारी मी आईला घेऊन पुन्हा स्केटपार्कमध्ये! उंच रॅम्पच्या काठावरून बोर्डसकट खाली झेपावायचं, तेवढंच राहून गेलं होतं. आज ते करायचंच होतं. पण मनगट जपायला आणलेला प्लास्टिकचा रिस्ट गार्ड बांगड्यांवरून चढेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, तेच हाड पुन्हा मोडलं तर ऑपरेशन, आणि बोर्ड कायमचा बंद. पण आईने एवढ्या हौसेने भरलेल्या बांगड्या उतरवायच्या कशा? मी पट्टे सैल करून गार्ड बांगड्यांवरच कसाबसा बांधला आणि रॅम्प चढले.

"थांब!" बाकावरून आई ओरडली. सगळी मुलं वळून बघायला लागली. झालं, म्हटलं, आता चारचौघांत आपला उद्धार होणार.

ती तरातरा आली.

"अगं, गार्ड घातलाय ना मी!"

"आणि पडलीस की काच घुसेल हातात! अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

पर्समधलं हँडक्रीम काढून तिने माझे हात चोपडले, बोटं आवळून एकेक बांगडी उतरवली. एकही फुटली नाही. मग गार्डचे पट्टे स्वतः करकचून ओढले. "जा आता."

मी झेपावले आणि धाडकन त्याच हातावर पडले. घाबरत बोटं हलवून पाहिली. पाचही हलली! गार्डच्या प्लास्टिकवर हा एवढा ओरखडा, मनगट ठणठणीत. लगेच परत चढले. या वेळी चाकं खाली टेकली, गुडघे वाकले, आणि मी उभीच होते! आनंदाने अक्षरशः किंचाळले.

आईकडे पाहिलं. बांगड्या बाकावर ठेवल्या तर फुटतील, असं ती नंतर म्हणाली. सगळ्या तिने स्वतःच्या हातांत चढवल्या होत्या, आणि त्या हिरव्यागार हातांनी ती जोरजोरात टाळ्या वाजवत होती.