बापूच्या सत्काराला नेलेली टोपी

माझ्या हातून काय झालं ते ऐकलंत तर चहा नाकात जाईल, म्हणून आधी पिऊन घ्या.

त्या दिवशी सकाळी कुकर लावत होतो. बायको जाऊन अकरा महिने झाले, पण तीन शिट्ट्या की चार, हे माझं अजून ठरत नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून विमलताई ओरडल्या, "सर, आयकं का? तुमना टोपीवाला दोस्त निवडी उना! नगराध्यक्ष व्हयी गया!"

बापूचा टोप्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे सहा मशिनी आणि एक पंखा. पण प्रकाशा गावापासून नवापूरपर्यंत लग्नातल्या पांढऱ्या टोप्या त्याच्याच. निवडणुकीत सगळ्या पक्षांच्याही त्याच्याच! यंदा सगळ्यांचा माल वेळेवर पोचवून हा गडी स्वतः बोडक्या डोक्यानं अपक्ष उभा राहिला, आणि निवडून आला.

आमच्याकडे सत्कार म्हणजे टोपी, टॉवेल, नारळ. नारळ घरात होता. बाजार मात्र बंद. मग कपाट उघडलं.

घरात कोणी गेलं की आमच्या भागात जवळची माणसं दुखवटा म्हणून टोपी-टॉवेल आणतात. बायकोच्या वेळचे ते पुडे तसेच पडून होते. एकही उघडला नव्हता. टोपीला काय कळतंय ती कशासाठी आणली ते? वरचा पुडा उचलला आणि निघालो. शिकलेला माणूस बरं का मी!

बापूच्या अंगणात गुलाल, बँड, फोटोग्राफर. मी पुडा फोडून टोपी बापूच्या डोक्यावर ठेवली. ती भुवया ओलांडून थेट नाकावर!

लोक हसले. बापूनं ती काढली आणि सवयीनं उलटी करून आतली शिवण बघितली. घडीतून एक चिठ्ठी पडली. एका कार्यकर्त्यानं ती उचलून खणखणीत आवाजात वाचली, "वहिनींच्या दुखवट्याची. तुझा, बापू."

बँड थांबला.

"ओ मास्तर," बापूचे काका म्हणाले, "पहिलाच दिन अन् दुखवटा लई उनात?"

बायको गेली तेव्हा हाच बापू दहा दिवस कारखाना बंद ठेवून माझ्या ओट्यावर बसला होता. आणि त्याच्या आनंदाच्या दिवशी मी काय घेऊन आलो? पळायला वाटही नव्हती, मागे ढोलवाला उभा.

बापू हळूच म्हणाला, "पुडा उघाडाच नही का रे तू?"

"नही."

"तुन्हा मापनी शे. मी सोता शिवेल शे. डोकं कर पुढे."

त्यानं स्वतः शिवलेली ती टोपी माझ्या डोक्यावर बसवली. अगदी नेमकी बसली. मागच्यांना एवढंच दिसलं की नगराध्यक्ष कुणाला तरी टोपी घालतायत. टाळ्या पडल्या, बँड सुरू झाला, माझ्याच गळ्यात हार आला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा हसा ना!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: 'नगराध्यक्षांच्या हस्ते पहिला सत्कार'. दुपारपर्यंत मला अभिनंदनाचे सात फोन आले. लोणखेड्याच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तर विचारलं, "सर, कोणतं पद मिळालं?"

बापूचं अभिनंदन करायचं मात्र राहिलं. अजून केलेलं नाही.