नदीकडचा दरवाजा

दिवाळीत आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत किल्ला होतो तो बाबांच्या हातचा. दरवर्षी एकच, आमच्या कोकणातल्या गावचा, सुलतानांच्या काळातला नदीकाठचा किल्ला. दगड रचायचे, वर ओलं गोणपाट, त्यावर माती लिंपायची, हिरवळीला अळीव पेरायचे. मग पोरांना गोळा करून बाबा इतिहास सांगणार: नदीकडचा दरवाजा आपल्या पूर्वजाकडे होता, वेढ्यात त्यानं तो राखला. आम्ही भावंडं हे ऐकतच मोठी झालो.

यंदा सकाळीच वरच्या मजल्यावरच्या ट्रेकवाल्यानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला. तो नुकताच तो किल्ला बघून आला होता. लिफ्टमध्ये म्हणतो, "अगं, गावातले लोक वेगळंच सांगतात. तो दरवाजा आतूनच उघडला, तुमच्याच माणसानं! संध्याकाळी काकांना विचारतो ना."

"गप्प बस हां," मी म्हटलं. "चारचौघांत त्यांना तोंडघशी पाडलंस तर बघ."

"इतिहास आहे यार!"

"खड्ड्यात गेला तुझा इतिहास."

दिवसभर जिवाला चैन नाही. चकल्या करपल्या. सारखी खाली जाऊन बाबांना बघून येत होते. एवढा म्हातारा माणूस, चिखलात बसून बुरुज थापतोय. आधीच सांगून टाकू का? जीभ रेटेना.

संध्याकाळी पोरं जमली. ट्रेकवाला पुढेच. "काका, तो दरवाजा आतून उघडला होता ना?" मी त्याचा दंड धरला, पण उशीर झाला होता.

"सोड गो त्याला," बाबा म्हणाले. मग पोरांकडे वळले. "उघडला. आपल्याच माणसानं. किल्ल्यातलं टाकं आटलेलं. नदी उशाशी, पण उन्हाळ्यात भरतीनं ती खारट होते. पोरांना पाजणार काय? मला लाज वाटायची, म्हणून इतकी वर्षं खोटं सांगितलं."

एका चिमुरडीनं विचारलं, "म्हणजे तो गद्दार होता?"

मी बाबांकडे बघितलं. मी लहान असताना, गिरण्यांचा संप चालू होता तेव्हा, बाबा मागच्या गेटनं कामावर गेले होते. अख्ख्या चाळीनं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात हा विषय आजही कुणी काढत नाही.

"गद्दारच म्हणत त्याला," बाबांनी मातीचे हात लेंग्याला पुसले. "पण त्याची पोरं जगली."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला मात्र सगळ्यांसमोर रडू फुटलं.