वडील तळ्यात उतरले तो दिवस

शेवाळलेल्या पाण्याचा वास आला की मला मेढ्याजवळचं आमच्या गावाबाहेरचं तळं आठवतं. एकाहत्तरच्या लढाईत वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि ते कायमचे घरी आले. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आईला आणि मला घेऊन ते तळ्यावर गेले. तिथे चिटपाखरूही नव्हतं. "आवं, एका पायानं कसं पवणार?" आई कळवळून म्हणाली. "हात हायत की," म्हणत ते बसल्या बसल्याच गार पाण्यात सरकले. दोन हात मारताच ते एका अंगावर कलंडले आणि त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. आई लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात धावली. "हात लावू नगंस!" ते ओरडले. जरा दम घेऊन ते पुन्हा निघाले, तिरके जात, पण न थांबता. बऱ्याच वेळाने पलीकडच्या खडकावर बसून ते धापा टाकू लागले. "तितंच थांबा, बैलगाडी घिऊन येते," आईने हाक दिली. "नगं! आलो तसाच येतो," तिकडून उत्तर आलं. आणि ते पोहतच आले. पाय गेल्याचं कळलं तेव्हा कोरड्या डोळ्यांनी बसून राहिलेली आई त्या दिवशी काठावर हमसून हमसून रडली. एवढ्या आनंदाच्या वेळी ही रडते म्हणून मला तिचा राग आला होता. आता येत नाही.