आक्काच्या वाटणीचा व्यायाम

हसायचं तर आधीच हसून घ्या बायांनो! येडेपणा माझाच हाय, दुसरीनं सांगितला तर ती वरून मीठमसाला लावील.

माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. परभणीचा डॉक्टर म्हणला, "दहा किलो घटवा, मग ऑपरेशन. त्याआधी न्हाई." दिवाळीनंतर तिच्या नातीचं लग्न. आक्काला खुर्चीत बसून न्हाई, आपल्या पायावर उभं राहून अक्षता टाकायच्या होत्या. व्यायामाला एकटी जायला लाजायली, म्हणून मीबी नाव घातलं. कशात? सर्किट ट्रेनिंगमध्ये!

हॉलमध्ये गोलात आठ जागा. एका जागी खुर्चीवरून उठाबस, पुढं ठोकळ्यावर चढउतार, त्याच्या पुढं वजनं उचलायची. फळ्यावरचा आकडा पुरा करायचा आन् शिकवणाऱ्या म्याडमची शिट्टी झाली की पुढच्या जागी पळायचं.

पहिल्याच दिवशी आक्का सहा उठाबशीत घामाघूम. "कमल, मला न्हाई जमत गं."

आता तुमीच सांगा, माझं अर्धं आयुष्य वालूरला खुरपण्यात गेलं. खुरपताना जिची पात, म्हणजे वाटणीची ओळ, मागं पडती, तिची पात पुढचीनं ओढून द्यायची. ही आमची रीत! मी माझ्या बारा उठाबशा उरकल्या आन् म्हणलं, "तू बस. उरलेल्या सहा माझ्याकडं."

म्याडम धावत आली. "काकू, त्यांचं त्यांना करू द्या ना!"

"ए पोरी, जीव घेतीस का तिचा? आकडा पुरा झाल्याशी मतलब. मोज!"

पोरगी बिचारी मोजायला लागली. माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप हाय?

मग काय विचारता! आठ दिवसांत सगळ्या हॉलला हीच रीत लागली. जाड्या बाया सतरंजीवर बसून मोजायल्यात, आन् आमी चार वाळक्या त्यांच्या वाटणीच्या उड्या मारायलोत! आक्का घरून शेंगदाण्याचे लाडू आणायची. "खा माय, किती राबायलीस माझ्यासाठी," म्हणत एक माझ्या तोंडात, दोन स्वतःच्या. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आन् मला वाटायचं, माझ्यावानी गुणाची जाऊ साऱ्या जिल्ह्यात न्हाई!

तीन महिन्यांनी डॉक्टरकडं गेलो. मी काट्यावर सहज चढले, तर नऊ किलो कमी! मी अशी फुगले म्हणता. मग आक्का चढली. दीड किलो जास्त.

डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं. "मावशी, लग्नाआधी ऑपरेशन आता होणं न्हाई."

आक्का नुसती गुडघ्यावर हात फिरवत बसली. तिला रिक्षात चढवताना मला रडूच फुटलं. लग्न तिच्या नातीचं, गुडघे तिचे, आन् घोटाळा माझा!

"आक्का, चुकलं माझं. घाल शिव्या मला."

"शिव्या कशाला घालू?" आक्का शांतपणे म्हणाली. "व्यायाम माझा तू केलास, वजन माझं तू घटवलंस. ऑपरेशन तेवढं राहिलंय, तेबी तूच करून घे की बाई!"

रिक्षावाला खदखदून हसला. आन् ह्या कमलनं तोंडावर पदर घेतला.