सरळ केलेला कान

आमच्या गल्लीतल्या तालमीची आता जिम झाली आहे. तालमीत पूर्वी मारुतीशेजारी एका गोऱ्या मुष्टियोद्ध्याचा फोटो होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, हलक्या वजनाच्या गटातला जगज्जेता. ठोसे खाऊन त्याचा डावा कान पार चुरगळला होता. कुस्तीत कान मोडल्याशिवाय पैलवान म्हणवून घ्यायची आम्हाला लाज वाटे. त्यामुळे त्या कानाकडे बघून वस्ताद म्हणायचे, “गडी आपल्यातला हाय.”

काल जिममध्ये डोकावलो. तोच फोटो मोठा करून काचेत बसवला होता आणि कान चक्क सरळ!

“कॉम्प्युटरवर साफ करून घेतला, काका,” मालक म्हणाला. “घाण दिसत होता.”

घाण? माझं डोकंच फिरलं. वजनात बसायचं म्हणून हा माणूस उपाशी राहिला, घोटभर पाण्यालाही मुकला आणि पातळ हातमोज्यांचा मार तासन्‌तास सोसून जगज्जेता झाला. पुढे किताब दुसऱ्याने हिसकावला आणि टाळ्या वाजवणारेही त्याच्याच मागे गेले. या गड्याजवळ स्वतःचा म्हणून कान तेवढा उरला होता. तो कुठल्या प्रतिस्पर्ध्याने नाही, त्याची पूजा मांडणाऱ्यानेच नेला. असल्या भक्तांपेक्षा शत्रू परवडले. ते निदान समोरून मारतात.

“आता कसा हिरो वाटतो ना?” मालकाने विचारलं.

मी माझा मोडका कान त्याच्या तोंडासमोर धरला.

“हाही पुसून टाक,” म्हटलं. “पण हाताने.”